कासवाखालची वाळू

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या. खुनाच्या तपासातली नावं विसरलो, दरोड्यातल्या गाड्यांचे नंबर विसरलो. पण एका ओल्या पोत्यातून निघालेली दोन ओंजळ वाळू अजून डोळ्यांपुढे आहे. ती वाळू मी स्वतः उभं राहून चाळणीनं चाळून घेतली होती, आणि तिच्यात काहीच सापडलं नाही म्हणून चिडलो होतो.

नांदेड जिल्ह्यात, उमरीपासून धर्माबादकडे गोदावरीच्या काठानं जो पट्टा जातो, त्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. माणसांची नावं सांगणार नाही, गावाचंही नाही. त्यातले काही अजून हयात आहेत आणि ज्यांनी चूक केली त्यांत मीही आहे.

तेव्हा आमच्या ठाण्याचा निम्मा वेळ वाळूत जायचा. नदीतून चोरून वाळू उपसणारे ट्रॅक्टर धरायचे, गुन्हा नोंदवायचा, ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात आणून उभे करायचे. आवार असं भरलं होतं की जीप बाहेर काढायला चार जणांना आरडाओरडा करावा लागे. या कामात माझा एक खबऱ्या होता. मासळीचा व्यापारी, पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याच्या सांगण्यावरून मी बरेच ट्रॅक्टर पकडले होते, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला होता. आता वाटतं, पोलिसाचा एखाद्यावर विश्वास बसला की त्यानं तिथंच थांबून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मी ते विचारले नाहीत.

एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"साहेब, उद्याच्या सकाळच्या नांदेड गाडीत एक म्हातारा चढल. भोयाचा हाय. त्याच्याजवळ वल्लं पोतं असतंय. दर दोन-तीन आठवड्याला जातो. कासवं इकून राहिला साहेब, जितीजागती. लई मोठी टोळी असल मागं."

कासवांच्या तस्करीबद्दल आम्हाला वरून नुकतंच एक परिपत्रक आलं होतं. माझ्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं. म्हातारा, त्याच्यामागे दलाल, त्याच्यामागे हैदराबादचा कोणी शेठ. पोलिसाच्या डोक्यात असं चित्र एकदा तयार झालं की पुढं दिसणारी प्रत्येक गोष्ट तो त्या चित्रातच बसवत जातो.

रविवारी सकाळी साध्या वेषात आम्ही थांब्यावर उभे राहिलो. मी, माझा हवालदार आणि दोन शिपाई. हवालदार उदगीरकडचा, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. ड्युटीवर येताना महादेवाच्या देवळात जाऊन आल्याशिवाय ठाण्याची पायरी चढत नसे. माणूस कामाचा, पण तोंडाचा फटकळ.

म्हातारा आला. साठी उलटलेला, काटकुळा, धोतर गुडघ्यापर्यंत. एका हातात कापडात बांधलेला डबा, दुसऱ्या हातानं पाठीवर धरलेलं पोतं. पोत्यातून पाणी ठिबकत होतं. गाडीत चढायच्या आधी त्यानं पोतं हलकेच खाली ठेवलं, तांब्यातलं पाणी त्याच्यावर शिंपडलं आणि वरून हात फिरवला. मग आम्ही त्याला धरला.

त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, पोतं आपटू नका."

पोतं सोडलं. आत परातीएवढं कासव. आपण देवळात बघतो तसं टणक, घुमटासारखं नव्हे. चपटं, पाठ कातड्यासारखी मऊ, रंग नदीच्या गाळासारखा, आणि नाक पुढं आलेलं, लहान नळीसारखं. त्यानं मान बाहेर काढून असा फुसकारा सोडला की शिपाई दोन पावलं मागं सरला. कासवाखाली वाळू होती, धुतलेली, बारीक, दोन ओंजळी भरेल एवढी.

"वाळू कशाला रे म्हाताऱ्या?" मी विचारलं.

त्यानं पोत्याचं तोंड हळूच ओढून घेतलं.

ठाण्यात आणलं. वाळूत काहीतरी लपवलेलं असणार याची मला खात्री होती. सोनं, नशेची पूड, काहीतरी. आवारात चाळणी मागवली. आजूबाजूला जप्त केलेल्या वाळूचे डोंगर आणि मधोमध पोलीस निरीक्षक दोन ओंजळ वाळू चाळून घेतोय! हवालदार तोंड फिरवून हसला, ते मी पाहिलं. काही निघालं नाही. कासव ओलं राहावं म्हणून वाळू टाकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पंचनाम्यात लिहिलं, 'वाळू, दोन ओंजळी, निरुपयोगी.'

कासव मुद्देमाल. मुद्देमालाला चिठ्ठी लागते, लाखेचा शिक्का लागतो. कारकून चिठ्ठी घेऊन आला आणि विचारायला लागला, "साहेब, ही बांधू कुठं?" शेवटी आवारातल्या सिमेंटच्या हौदात कासव सोडलं आणि चिठ्ठी हौदाच्या नळाला बांधली. हवालदारानं जोडे काढले, हौदाच्या काठाला हात लावून कपाळाला लावला.

"अरे, हा मुद्देमाल आहे," मी म्हणालो.

"असू द्या की साहेब. पिंडीच्या आधी ह्याचंच दर्शन घेतो आपण." मग हळू आवाजात म्हणाला, "आन् दुसरं एक सांगू का? हा माणूस चोर न्हाई. इकायला चाललेल्या मालावर कुणी हात फिरवतंय का?"

"तू तपास शिकवू नको मला," मी म्हणालो. माझ्या मनात हवालदाराबद्दलही एक बारीक गाठ बसली ती तेव्हापासून. याला म्हाताऱ्याचा एवढा पुळका का?

दुपारी वनखात्याचा वनपाल आला. हौदात वाकून बराच वेळ बघत राहिला. "साहेब, मला नोकरीत आता बारा-तेरा वर्षं झाली," तो म्हणाला, "एवढं मोठं मी दुसऱ्यांदा बघतोय." त्याच्याकडून कळलं ते असं. हे मऊ पाठीचं कासव आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांतच राहतं, जगात दुसरीकडे कुठं नाही. गोदावरीच्या डोहात पूर्वी भरपूर होतं. लोक मटणासाठी मारतात, पाठीची मऊ कड वाळवून बाहेर पाठवतात. मासळीसाठी पाण्यात बार उडवतात त्यात मरतं. आणि मादी काठावरच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, तर ती वाळूच आता ट्रॅक्टरमध्ये जाते, अंड्यांसकट. "मोठी कासवं दिसतात एखादवेळी," वनपाल म्हणाला, "पिल्लू काही दिसत नाही. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. मी ते पुस्तकातच पाहिलेत."

मी ऐकलं आणि माझा संशय उलट वाढला. इतकं दुर्मिळ आहे तर भाव केवढा असेल! न्यायालयातून म्हाताऱ्याची दोन दिवसांची पोलीस कोठडी घेतली आणि चौकशीला बसलो.

एकच प्रश्न होता. कासव कुठं नेत होतास? बाकी सगळ्याची उत्तरं त्यानं दिली. नाव, गाव, जात, किती वर्षं मासे धरतो. हे पहिलंच कासव का, विचारलं तर सरळ म्हणाला, "न्हाई. ह्याच्या आधी दहा न्हेली." लबाड माणूस असं सांगत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. पण कुठं नेली म्हटलं की भिंतीकडं बघायचा.

"विकली?"

"न्हाई."

"मग खाल्ली?"

"शिवशिव करा साहेब."

"मग गेली कुठं? आकाशात?"

"हायेत."

"कुठं आहेत?"

भिंत.

चौकशी चालू असताना खबऱ्याचे तीन फोन आले. इथं वाचकांना एक सांगायला हवं. माझ्या उभ्या नोकरीत जो खबऱ्या भेटला त्यानं नंतर फोन करून एकच विचारलं, 'साहेब, माझं नाव कुठं येणार नाही ना?' जिवाची भीती असते, साहजिक आहे. हा माणूस नावाचं काहीच विचारत नव्हता. तीनही वेळा त्याचा प्रश्न एकच, "कुठं न्हेत होता म्हणला, साहेब? बोलला का?" मला ते खटकलं. खटकलं आणि मी ते बाजूला ठेवलं. आपल्या माणसाला उत्साह आहे, असं समजलो. आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या सामानातला डबा मी पुन्हा उघडायला लावला. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कडक झालेले चार धपाटे. डब्याच्या कापडात एक चिठ्ठी, वहीच्या पानावर लिहिलेला पत्ता आणि फोन नंबर. लातूरचं मुलींचं वसतिगृह.

लातूरला तेव्हा क्लासचा जोर असा होता की मराठवाड्यातल्या गावागावातून पोरं-पोरी तिथं जाऊन राहायची. गल्लीत घराला घर लागून वसतिगृहं आणि रविवारी बसस्थानकावर डबे घेऊन उतरणाऱ्या आईबापांचा समुद्र. म्हाताऱ्याची नात त्यातलीच. डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आई नाही, बाप नाही. म्हाताऱ्यानंच वाढवलेली.

मी हात उचलणाऱ्यातला अधिकारी नव्हतो आणि हे मी चारचौघांत मोठेपणानं सांगत असे. हात न उचलताही माणसाला मारता येतं, ते मी त्या दुपारी केलं. म्हाताऱ्यासमोर टेबलावर फोन ठेवला, नंबर फिरवला, आवाज मोठा केला. वसतिगृहाच्या बाईंना म्हणालो, पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्याकडच्या अमुक मुलीला बोलवा. चप्पल वाजत जवळ आली.

"हॅलो? आबा? आबाला काय झालं?"

पण मी बोललो नाही. म्हाताऱ्याकडं नुसतं बघत राहिलो. पलीकडून ती विचारतच होती, "आबा हाय का तिथं? कुणी तरी बोला की! आज पेपर हाय माझा. आबा?"

म्हाताऱ्यानं हात जोडले. "ठेवा साहेब. ठेवा तो फोन. सांगतो."

मी फोन ठेवला.

कायद्याप्रमाणे आरोपी जागा दाखवायला तयार झाला की त्याचं निवेदन दोन पंचांसमोर लिहून घ्यावं लागतं. आता खरी गोष्ट सांगतो, जी कोणताही अधिकारी छापून देणार नाही. बहुतेक ठाण्यांचे पंच ठरलेले असतात. सामान्य माणूस कोर्टाच्या फेऱ्यांना घाबरून पंच व्हायला येत नाही, मग जवळचा जो असेल त्याला हाक मारायची. आमचे दोघे होते, फाटकासमोरचा चहाचा टपरीवाला आणि त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाला. टपरीवाला तर दिवसातून चार वेळा माझ्या टेबलावर चहा ठेवायचा. शिपाई त्याला 'सरकारी पंच' म्हणून चिडवायचे. मी दोघांना हाक मारली, टपरीवाला हात पुसत आला आणि झेरॉक्सवाल्याशेजारी बाकावर बसला.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. "ह्या दोघांला भाईर जाऊ द्या साहेब. तुमाला एकट्याला सांगतो."

"पंच आहेत. कायद्यानं लागतात."

"मग लिहू नका. नुसतं ऐका. कागद लई फिरतो साहेब."

मी हसलो. "पोलीस ठाण्याचा कागद आहे, मामा. कुठं फिरत नाही."

त्याला मी पहिल्यांदा 'मामा' म्हणालो तो हा क्षण. काम होत आलं की आमची भाषा अशी गोड होते.

मग तो बोलला. त्याची लेक किल्लारीच्या बाजूच्या एका गावात दिली होती. भूकंपात लेक गेली, जावई गेला. सहा महिन्यांची नात ढिगाऱ्यात जिवंत सापडली. गाव पुढं दुसरीकडं वसवलं आणि जुनं गाव तसंच पडलं. त्या जुन्या गावात एक बारव आहे, पायऱ्या-पायऱ्यांची, जिथून लेक पाणी न्यायची. "तितं आता चिटपाखरू येत न्हाई साहेब. लोकांला तितं पाय ठिवू वाटत न्हाई. हिकडं नदीत डोह राहिले न्हाईत. वाळूवाले पाणी तोडून राहिले, उघड्यावर पडलेली कासवं मच्छीवाले पोत्यानं उचलून राहिले. म्या जन्मभर ह्या नदीचं खाल्लं. म्हनलं, एकेक करून तिकडं सोडावीत. पोरीला डबा द्यायला जायाचंच अस्तंय."

मी ते सगळं लिहून घेतलं. गाव, शिवार, बारवेची खूण. पंचांच्या सह्या झाल्या. म्हाताऱ्याचा अंगठा झाला.

खरं सांगतो, माझा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. लातुरापासून पुढं तेवढ्या लांब, फक्त जीव वाचवायला? साठवण केली असेल तिथं, गिऱ्हाईक येईपर्यंत, असं मला वाटलं. सकाळी जीप काढून जायचं ठरलं. टपरीवाल्याला सांगितलं, "आठ वाजता तयार राहा, जागेचाही पंचनामा आहे." तो म्हणाला, "हाव साहेब."

सकाळी साडेसातला मी ठाण्यात आलो. बसलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय, ते कळेना. मग ध्यानात आलं की खबऱ्याचा फोन नाही. काल दुपारपासून एकही नाही. ज्या माणसाला तीन-तीनदा जागा विचारायची होती, तो जागा कळल्याच्या घटकेपासून गप्प होता. म्हणजे त्याला कळली होती.

माझं डोकं फिरलं. हवालदाराला बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो. पहिल्या दिवसापासून तुझा म्हाताऱ्याकडं ओढा, निवेदनाच्या वेळी तू दारात उभा, तूच बाहेर बोललास. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "साहेब, चहा आला का तुमाला आज?"

मी टेबलाकडं पाहिलं. चहा नव्हता. खिडकीतून फाटकाकडं पाहिलं. टपरी बंद. ऐन दिवाळीतही उघडी असायची ती. फळी लावलेली, कुलूप लावलेलं.

"तुमचा खबऱ्या त्याचा साडू हाय," हवालदार म्हणाला. "गावात सगळ्यांला माहीत हाय. मला वाटलं, तुमालाबी माहीत असल."

दोन दिवस मी म्हाताऱ्यावर संशय घेतला, वाळूवर घेतला, हवालदारावर घेतला. रोज चार वेळा चहा देणाऱ्यावर नाही घेतला. खबऱ्याला कासवं कुठं जातात ते हवं होतं. म्हाताऱ्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं ते काढून घ्यायला पोलीस लावले. आणि पोलिसांनी काढून दिलं. पंचनामा करून, सहीशिक्क्यानिशी.

हवालदाराची माफी मागायला वेळ नव्हता. तिथल्या ठाण्याला फोन लावला, तर सगळी माणसं बंदोबस्ताला गेलेली. म्हाताऱ्याला कोठडीतून काढलं, हवालदार, कारकून आणि शिपायांबरोबर जीपमध्ये बसवलं. काय झालं ते त्याला सांगितलं. नांदेड, लातूर, औसा, सगळा रस्ता त्यानं मांडीवर हात ठेवून काढला.

त्या जुन्या गावाकडं वळलो. नवा फौजदार असताना भूकंपानंतर मी त्या भागात बंदोबस्ताला होतो. पुन्हा तिकडं पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. दगडांचे ढीग, त्यातून वर आलेल्या बाभळी, रुई. एका ढिगाजवळ म्हाताऱ्यानं चपला काढल्या, हात जोडले, पुन्हा चपला घातल्या. त्याच्या लेकीचं घर. आणि तेवढ्यात पलीकडून इंजिनाचा आवाज आला.

बारवेच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. डिझेल इंजिन लावून बारव उपसत होते. पाणी गुडघ्याइतकं राहिलं होतं. खाली चिखलात दोन माणसं जाळं ओढत होती, काठावर माझा खबऱ्या आणि टपरीवाला पोती बांधत होते. टपरीवाल्यानं मला बघितलं आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "या साहेब!"

त्याला मी त्या दिवशी मारलं. ते योग्य नव्हतं. पण मारलं.

चौघंही जागेवर सापडले. पोती उन्हात टाकलेली. म्हातारा एकेक पोतं सोडत गेला. पाठीवर हात ठेवायचा, मान हलते का बघायचा, आणि बाजूला सरकवायचा. दहा कासवं त्यानं दोन वर्षांत आणली होती. त्यातली सहा हलली. चार नाही हलली. चौथ्यापाशी तो खाली बसला.

"दोन वरसं कुणाला बोललो न्हाई साहेब," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "पोरीलाबी न्हाई. तुमाला सांगितलं, आन् एका दिसात..."

मला त्याच्यापुढं उभं राहवेना. हवालदार इंजिनाचा नळ फिरवून पुन्हा पाणी आत सोडायच्या खटपटीत होता. नव्या वसवलेल्या गावातून आणलेल्या पंचांना शिपाई जागा दाखवत होता. मी पायऱ्या उतरलो. बारवेच्या वरच्या टप्प्याला, आतल्या बाजूनं, एक रुंद कोनाडा होता आणि त्याच्यापुढं ओटा. ओट्यावर वाळू पसरलेली होती. त्या भागातली काळी माती नाही. स्वच्छ, बारीक, धुतलेली नदीची वाळू, वीतभर जाडीची. आमच्या आवारात जिचे डोंगर पडले होते तीच. दर फेरीला, कासव असो वा नसो, दोन-दोन ओंजळी करून ती दोनशे किलोमीटरवरून तिथं आली होती. वाळूवर मधोमध एक जागा थापटल्यासारखी होती आणि ओट्याच्या कडेपर्यंत ओरखडे गेले होते. पाण्यातून वर आलेल्या पायांचे.

मला वनपालाचं बोलणं आठवलं. आणि चाळणीही आठवली.

तेवढ्यात पाठीमागून म्हातारा घाईघाईनं उतरला आणि त्या वाळूपुढं येऊन बसला. नुसता बसला, पाठ तिकडं करून, धोतर सारखं करत, जणू थकून टेकलाय. वर पंच उभे होते, कारकून कागद घेऊन उभा होता. म्हातारा माझ्याकडं बघत होता. तसं बघणं मी आरोपीच्या डोळ्यांत बऱ्याच वेळा पाहिलं आहे, आता हा काय करतो, असं. फक्त या वेळी आरोपी मी होतो.

"साहेब, खाली काही आहे का? लिहू का?" कारकुनानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "माती आहे."

त्या पंचनाम्यात बारवेच्या पायऱ्या मोजून लिहिल्या आहेत. इंजिनाचा नंबर आहे, टेम्पोचा आहे, कासवांची लांबीरुंदी आहे. वाळू नाही. उभ्या नोकरीत समोर दिसलेली आणि मुद्दाम न लिहिलेली वस्तू ती एकच. आता पेन्शनीत बसलो आहे, ज्याला चौकशी लावायची त्यानं लावावी.

पुढचं थोडक्यात सांगतो. खबऱ्या दोन प्रश्नांत बोलला. त्यानं आधी स्वतः म्हाताऱ्याचा पाठलाग केला होता, पण लातूरच्या बसस्थानकावर रविवारच्या डबेवाल्या गर्दीत म्हातारा हरवायचा. वाळूचे जे ट्रॅक्टर तो मला सांगायचा ते त्याच्या मित्रांच्या विरोधातल्या लोकांचे होते, हेही तेव्हाच उघड झालं. चौघांना शिक्षा झाली. हौदातलं कासव आणि बारवेतली सहा, न्यायालयाच्या आदेशानं वनखात्यानं पुन्हा गोदावरीत सोडली. कुठल्या डोहात, ते म्हाताऱ्यानं वनपालाला होडीत बसवून दाखवलं. वनपालानं मलाही बोलावलं होतं. मी गेलो नाही. मला माहीत नसलेलं बरं, असं सांगितलं.

म्हाताऱ्यावरचा गुन्हा समजुतीच्या चुकीतून नोंदला गेला, असा अहवाल मी पाठवला आणि तो मंजूर झाला. सुटला त्या दिवशी मी त्याला खुर्ची दिली. चहा मागवला, दुसऱ्या टपरीवरून. म्हणालो, "मामा, चुकलो." तो चहा पिऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "पोरीचा त्या दिसाचा पेपर गेला साहेब." तेवढंच.

आणि बारवेतली अंडी? मी विचारलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा गाडीत तो दिसला, पोत्याशिवाय. हातात पाण्याची झाकणाची बादली होती. मी जीप थांबवली नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं नवे अधिकारी विचारतात. मी म्हणतो, संशय घ्या, तो आपला धंदाच आहे, पण संशयाची सुरुवात आपल्या टेबलापासून करा. पंच बदलत ठेवा. आणि एखादा माणूस एक गोष्ट सांगत नसेल, तर तो पाप लपवतोय की जीव लपवतोय, एवढं आधी बघा. त्यानंतर मी कोणाच्या घरच्यांना चौकशीत ओढलं नाही. चार गुन्हे त्यामुळे उकलायचे राहिले असतील. राहू देत.

निवृत्तीनंतर एकदा जळकोटकडं लग्नाला निघालो होतो. वाटेत चक्कर आली म्हणून जावयानं गाडी एका सरकारी दवाखान्यापुढं उभी केली. डॉक्टर बाई तरुण होत्या. केसपेपरवरचं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.

"तुम्ही गोदावरीकाठच्या ठाण्याला होता ना?"

"हो."

"फोन तुम्हीच केला होता."

आवाज बदलला होता, पण मी ओळखला. मी म्हणालो, "हो. मीच." तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबायला लागली. काटा बघत बघत म्हणाली, "आबा गेले. दोन वर्षं झाली."

"वाईट झालं."

"जाताना मला जागा सांगून गेले. दुसऱ्या कुणाला न्हाई." पट्टा सैल झाला. "बादलीतून न्हेली होती. पाठीवर डोळ्यावानी ठिपके होते सगळ्यांच्या. मी गेल्या उन्हाळ्यात जाऊन बघून आले. मोठी झालीत."

तीस वर्षांची सवय. कुठं, हा शब्द ओठांपर्यंत आला होता. मी तोंड मिटून बसलो. ती माझ्याकडं बघत थांबली होती. तिच्या आज्यानं बारवेत बघितलं होतं तशीच.

"आबा म्हणायचे, साहेबांनी वाळू लिहिली न्हाई," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून गोळ्या लिहायला लागली. "मीठ कमी करा. पंधरा दिवसांनी परत या, बीपी बघू."

पंधरा दिवसांनी गेलो. त्यानंतर दर महिन्याला जातो. नांदेडला चांगले डॉक्टर असताना एवढ्या लांब कशाला जाता, असं घरचे विचारतात. मी सांगत नाही. तिथं आम्ही बीपीबद्दल बोलतो, तिच्या बदलीबद्दल बोलतो, पाऊसपाण्याबद्दल बोलतो. जागा मी तिला अजून विचारलेली नाही.